मृगाचा वास ओळखणारं प्रथिन

मे संपता संपता वर्धा जिल्ह्यातली काळी जमीन तडकते. पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असतो, वखरून ठेवलेल्या रानातली ढेकळं हातानं फुटत नाहीत, बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे लागलेलं असतं. मग एखाद्या संध्याकाळी देवळीकडे नाहीतर सेलूकडे कुठेतरी सर पडते, आणि पाऊस आपल्या शिवारात यायच्या आधी त्याचा वास येतो. तो ओळखायला आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. या ओळखीमागे आपल्या शरीरातलं नेमकं काय आहे, याचं उत्तर 2024 मध्ये मिळालं, आणि ते एका प्रथिनाच्या रूपात मिळालं. त्याचं नाव ओआर-11-ए-1.

नाव रुक्ष आहे, पण त्याची कहाणी मला गेल्या काही वर्षांतल्या विज्ञानातल्या सर्वांत सुंदर कहाण्यांपैकी एक वाटते. हे प्रथिन नाकातून काढून अभ्यासता येत नाही. ते नाकाबाहेर, दुसऱ्याच कुठल्यातरी पेशीत बनवून घ्यावं लागतं. आणि ते बनायला तयार नसतं.

आधी मातीकडे पाहू. ओल्या मातीच्या वासात बरेच पदार्थ मिसळलेले असतात, पण त्याचा प्राण एकाच रेणूत आहे: जिओस्मिन. कार्बनचे 12 अणू, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचा 1, इतकाच त्याचा संसार. तो माती स्वतः बनवत नाही, मातीतले स्ट्रेप्टोमायसीस वर्गातले जिवाणू बनवतात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी 1965 मध्ये तो वेगळा काढला. याच विद्यापीठात, याच जिवाणूंच्या कुळातून, 1943 मध्ये क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं होतं. म्हणजे पहिल्या पावसाचा वास आणि क्षयावरचं पहिलं परिणामकारक प्रतिजैविक, दोन्ही एकाच कुळाच्या पोटी जन्मले.

जमीन कोरडी पडली, अन्न संपत आलं, की हे जिवाणू बीजाणू धरून बसतात. जिओस्मिन मातीच्या कणांत अडकून राहतो. पावसाचा थेंब सच्छिद्र जमिनीवर आदळला की त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात, ते थेंबातून वर येऊन फुटतात आणि मातीतलं द्रव्य सूक्ष्म तुषारांतून हवेत उडतं. एमआयटीच्या संशोधकांनी 2015 मध्ये हे अतिवेगवान कॅमेऱ्यानं टिपलं. हलक्या आणि मध्यम सरींत हे तुषार जास्त उडतात, मुसळधार पावसात कमी, हेही त्यांना दिसलं. वळवाच्या चार थेंबांनी जो वास सुटतो तो झडीच्या पावसात का मिळत नाही, याचं निदान एक कारण इथं हाती येतं.

आणि आपलं नाक! पाण्यात लिटरमागे सुमारे दहा नॅनोग्रॅम जिओस्मिन असला तरी माणसाला तो कळतो. या हिशेबानं एक ग्रॅम जिओस्मिन दहा कोटी लिटर पाण्याला मातकट करायला पुरतो. उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर गावात येतो, तसे दहा हजार टँकर, आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम. त्यातही गंमत अशी, की जिओस्मिनचं आरशातलं प्रतिबिंब असावं असं दुसरं रूप प्रयोगशाळेत तयार करता येतं. अणू तेच, जोडणी तीच, फक्त डावं-उजवं उलटं. ते नाकाला कळायला कितीतरी पट जास्त लागतं. जिवाणू जे रूप बनवतात, नेमकं त्यालाच आपलं नाक तीक्ष्ण आहे.

नाकाच्या आत, अगदी वरच्या टोकाला, काही चौरस सेंटिमीटरचा एक पट्टा आहे. त्यात लाखो चेतापेशी आहेत आणि त्यांचे केसासारखे तंतू पातळ शेंबडाच्या थरात पसरलेले असतात. या तंतूंवर ग्राही प्रथिनं बसलेली असतात. गंधाचा रेणू येऊन त्यांतल्या एखाद्याच्या खोबणीत बसला की पेशी मेंदूला कळवते. ही प्रथिनं आहेत तरी किती प्रकारची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरांच्या नाकात या ग्राहींच्या जनुकांचं एक प्रचंड कुटुंब शोधून काढलं. त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. माणसात या कुटुंबातली सुमारे 400 जनुकं चालू स्थितीत आहेत. आपली एकूण जनुकं साधारण 20,000, म्हणजे पन्नासातलं एक जनुक निव्वळ वासासाठी राखलेलं. शिवाय आणखी शेकडो जनुकं मोडक्या अवस्थेत आपल्या डीएनएत पडून आहेत. उंदराकडे चालू जनुकं हजाराच्या वर आहेत आणि आफ्रिकी हत्तीकडे जवळजवळ दोन हजार.

प्रत्येक चेतापेशी या 400 मधलं एकच जनुक निवडते आणि बाकीची मिटून ठेवते. एक रेणू अनेक ग्राहींना जागं करू शकतो, एक ग्राही अनेक रेणूंना. वास म्हणजे कोणकोणते ग्राही जागे झाले, त्याचा नकाशा.

मग कोणता रेणू कोणत्या ग्राहीला जागं करतो, हे शोधणं सोपं असायला हवं होतं. जनुकांची यादी हाती होती. ग्राहीचं जनुक लहानसं असतं, त्यातून तीनशेहून थोड्या अधिक अमिनो आम्लांची साखळी बनते. एखाद्या प्रथिनाचं जनुक दुसऱ्या जिवाच्या पेशीत घालून तिच्याकडून ते प्रथिन बनवून घेणं, ज्याला रिकॉम्बिनंट पद्धत म्हणतात, ही तर जुनी विद्या. मधुमेहासाठी माणसाचं इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेऊन 1982 पासून औषध म्हणून वापरलं जातंय. तसंच वासाच्या ग्राहींचं करायचं.

पण इन्सुलिन पाण्यात विरघळतं, तर वासाचा ग्राही पेशीच्या तेलकट पटलात राहणारा. त्याची साखळी पटलातून आत-बाहेर सात वेळा ओवलेली असते. पटलातून बाहेर काढला की तो चुरगळतो. जिवाणूत बनवावा तर त्याचे निरुपयोगी गोळे होतात. माणसाच्या पेशीत बनवावा तर आणखी चमत्कारिक प्रकार घडतो: पेशी ते प्रथिन बनवते, पण पृष्ठभागावर येऊच देत नाही. हिंगणघाटच्या बाजारात ग्रेडर गाडीतल्या कापसात हात खुपसून पाहतो आणि ओल लागली की ती गाडी बाजूला लावतो. पेशीच्या आत असाच कडक तपासनीस आहे. घडी नीट न बसलेलं प्रथिन तो आतल्या जाळ्यातच अडवतो आणि शेवटी मोडीत काढतो. नाकाच्या पेशीत हाच ग्राही बिनतक्रार पृष्ठभागावर जातो, दुसऱ्या पेशीत मात्र पहिल्याच फाटकावर अडतो.

हे कोडं कित्येक वर्षं सुटेना. जनुकं सापडली, नोबेलची चर्चा सुरू झाली, तरी कोणता ग्राही काय ओळखतो याची यादी जेमतेम सरकत होती. लोकांनी नाना युक्त्या केल्या. डोळ्यातल्या प्रकाशग्राही प्रथिनाचा, म्हणजे रोडॉप्सिनचा, सुरुवातीचा तुकडा वासाच्या ग्राहीच्या डोक्याला जोडला, म्हणजे त्या ओळखीवर तरी त्याला पुढे जाऊ द्यावं. काही ग्राहींना ते मानवलं. खरी वाट अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात हिरोआकी मात्सुनामी यांच्या प्रयोगशाळेत सापडली, तीही 2004 मध्येच. हारुमी साइतो आणि सहकाऱ्यांनी विचार केला, की नाकाच्या पेशीत असं काय आहे जे इतर पेशींत नाही? त्यांना मदतनीस प्रथिनं सापडली, आरटीपी-1 आणि आरटीपी-2 ही त्यांतली महत्त्वाची. ती सोबत दिली की ग्राही पृष्ठभागावर येतात. आपल्या नाकात प्रत्येक ग्राहीला हाताला धरून दारापर्यंत नेणारं कुणीतरी आहे, हे मला प्रथम वाचलं तेव्हा फार हृद्य वाटलं, अजूनही वाटतं.

ज्या पेशीत हे सगळं घडवतात तिचंही चरित्र सांगण्याजोगं आहे. एचईके-293 हे तिचं नाव. 1973 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथं फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींवर प्रयोग केले. त्यांतला 293 क्रमांकाचा प्रयोग टिकला, म्हणून तो आकडा नावाला चिकटला. तिची वंशपरंपरा आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. आपल्याकडे पुण्यात गणेशखिंडीत राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीसीएस आहे. तिथल्या पेशी-भांडारातून देशभरातल्या संशोधन संस्थांना अशा पेशी पुरवल्या जातात.

प्रथिन शुद्ध रूपात हवं असेल तर आणखी वेगळे मार्ग आहेत. 2008 मध्ये एमआयटीत शुगुआंग झांग यांच्या गटानं माणसाचा एक वासग्राही चक्क गव्हाच्या अंकुराच्या अर्कात बनवला. पेशी नाहीच, फक्त गव्हाच्या दाण्यातली प्रथिनं बनवणारी यंत्रणा, तिला मानवी जनुकाचा संदेश द्यायचा, आणि बाहेर येणारं प्रथिन साबणासारख्या द्रव्यात जपून ठेवायचं. हा ग्राही पांढऱ्या लिलीसारखा वास देणारा एक रेणू ओळखतो. जर्मन संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं होतं, की तोच ग्राही पुरुषाच्या शुक्रजंतूवरही असतो आणि त्या रेणूच्या दिशेनं शुक्रजंतू पोहतात. वासाचे ग्राही फक्त नाकात नसतात, हे तेव्हापासून ठळक झालं. आज असे रिकॉम्बिनंट मानवी ग्राही मायक्रोग्रॅमच्या मापानं इवल्या कुप्यांत, गोठवलेल्या स्थितीत प्रयोगशाळांना विकत मिळतात.

आता जर्मनीत फ्राइझिंगला जाऊ. तिथं लायब्निझ संस्थेची अन्नरसायनांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. पिण्याचं पाणी, गोड्या पाण्यातले मासे, बीट, कोको यांत जिओस्मिन आला की मातकट वास येतो, म्हणून त्यांना या रेणूत रस. डीटमार क्राउटवुर्स्ट आणि सहकाऱ्यांनी मानवी ग्राहींचे 616 प्रकार एकेक करून तपासले. चारशे जनुकांतून 616 कसे? कारण माणसामाणसांत एकाच जनुकाची थोडी वेगळी रूपं असतात, तीही त्यांनी घेतली. ग्राही पृष्ठभागावर बसवलेल्या पेशींवर जिओस्मिन सोडायचा आणि पेशीनं तो ओळखला का ते पाहायचं.

पेशी बोलत नाही, मग तिनं ओळखलं हे कळतं कसं? अशा चाचण्यांत पेशीला काजव्याचं एक प्रथिन दिलेलं असतं. ग्राही जागा झाला की पेशीच्या आत एक निरोप्या रेणू वाढतो आणि त्याच्या वाढीबरोबर काजव्याचं प्रथिन प्रकाश देऊ लागतं. यंत्र तो उजेड मोजतं. महाराष्ट्रातल्या जंगलांत काजवे चमकतात ते नेमके मृगाच्या तोंडावर, पहिल्या पावसाच्या दिवसांत. मातीचा वास आणि काजवा यांची गाठ इतक्या लांब, प्लास्टिकच्या ताटलीत पडावी, याचं मला अतोनात आश्चर्य वाटतं.

616 मधून उत्तर दिलं ते फक्त एकानं. ओआर-11-ए-1. नाकाला प्रत्यक्ष जाणवतं तेवढ्या प्रमाणातल्या जिओस्मिनला दाद देणारा हा एकच निघाला. त्याचं जनुक आपल्या सहाव्या गुणसूत्रावर आहे. मातीसारखाच वास असलेल्या दुसऱ्या एका रेणूला हा ग्राही प्रतिसाद देतो, हे आधीच माहीत होतं. आता त्याचं खरं काम समजलं. गुलाबाचा किंवा कॉफीचा वास म्हणजे कितीतरी ग्राहींची जमवाजमव. पावसाच्या या रेणूसाठी मात्र चाचणीत एकच पहारेकरी उभा राहिला.

त्यांनी मग इतर प्राण्यांचे हेच ग्राही बनवून पाहिले. अमेरिकेतल्या वाळवंटात कांगारू उंदीर राहतो. त्याचा ग्राही माणसाच्या ग्राहीपेक्षा सुमारे शंभर पट संवेदनशील निघाला. जिथं पाणी दुर्मीळ, तिथं ओलीची चाहूल लागणं म्हणजे जगणं. आपल्या पूर्वजांनाही हा वास पाण्याची दिशा दाखवत असेल का? असेल, असं मला वाटतं, पण तो माझा अंदाज.

माशीची गोष्ट याच्या उलट. फळमाशीकडेही जिओस्मिनसाठी राखलेला एकच ग्राही आहे, 2012 मध्ये जर्मनीतल्या येना इथं सापडलेला. तो जागा झाला की माशी त्या फळापासून दूर पळते, कारण तिथं विषारी बुरशी असण्याचा धोका. मातीतले स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे त्याच वासाकडे धावतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावरून दूर नेतात. जिवाणूंनी हा वास निर्माण का केला असावा, याचं सध्याचं सर्वांत चांगलं उत्तर हेच आहे.

माशीच्या नाकाचा जनुकीय अभ्यास मुळात मुंबईत झाला, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असतं, आणि याची मला खंत आहे. होमी भाभांनी ओबैद सिद्दिकी यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं आणि 1962 मध्ये तिथं रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. व्हेरोनिका रॉड्रिग्ज या गोव्याच्या कुटुंबातल्या, जन्म केनियात, शिक्षण डब्लिनमध्ये. त्या सिद्दिकींकडे पीएचडीसाठी मुंबईत आल्या. दोघांनी 1978 मध्ये वास न येणाऱ्या माश्यांचे जनुकीय प्रकार नोंदवले. बक आणि ॲक्सेल यांच्या शोधाच्या तेरा वर्षं आधी, कुलाब्यात. कीटकांचे ग्राही आपल्या ग्राहींपेक्षा अगदी वेगळ्या घडणीचे आहेत, पण वास जनुकांतून समजून घेता येतो, ही वाट त्यांनी चालून दाखवली.

मानवी ग्राही प्रत्यक्ष दिसायला 2023 उजाडलं. कॅलिफोर्नियातला आशिष मंगलिक यांचा गट आणि मात्सुनामी यांचा गट एकत्र आले. त्यांनी गोठवलेल्या प्रथिनावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून ओआर-51-ई-2 या ग्राहीची अणूंपर्यंतची रचना मांडली. हा ग्राही नाकाखेरीज प्रोस्टेट ग्रंथीतही असतो, म्हणून परक्या पेशीत बनायला तो तुलनेनं राजी. त्याच्या खोबणीत चीजच्या उग्र वासाचा प्रोपिओनेट हा छोटा रेणू बसलेला दिसला. खोबण इतकी तंग, की याहून लांब रेणू आत मावत नाहीत. संशोधकांनी प्रथिनातली एखाद-दोन अमिनो आम्लं बदलून ती सैल केली, तर ग्राही लांब रेणूंना ओळखू लागला. एका अक्षराच्या बदलानं नाकाची आवड बदलते, हे त्या प्रयोगानं दाखवलं.

चारशेपैकी निम्म्याहून अधिक ग्राही अजून पोरके आहेत. त्यांना जागं करणारा रेणू कुणालाही माहीत नाही. ज्यांचे माहीत आहेत ते कोणते? कॉफी, चीज, अत्तरं, गोड्या पाण्याचे मासे. जिथं प्रयोगशाळा, तिथले वास. आपल्या वासांना ताटलीत अजून कुणी फारसं घातलेलं नाही, आणि इथं वर्ध्याजवळ केवढा ऐवज पडलेला आहे! बोर व्याघ्र प्रकल्पातला वाघ झाडांवर खूण म्हणून जो फवारा मारतो, त्यात 2-ॲसिटिल-1-पायरोलीन हा रेणू असतो, हे कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी यांनी शोधलं. तोच रेणू बासमतीत आहे, आपल्या आंबेमोहरात आहे. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संशोधकांनी तो मोहाच्या फुलांतही अभ्यासला आहे. चैत्रात मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाईला, भाताची वाफ हुंगणाऱ्या मुलाला आणि वाघाच्या खुणेपाशी थबकलेल्या वनरक्षकाला नाकाच्या वरच्या टोकाला एकाच रेणूची चाहूल लागत असते.

सेवाग्राम, वर्धा, नागपूर, अमरावती इथं जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकणारी हजारो मुलं आहेत. ग्राहींची जनुकं उघड उपलब्ध आहेत, पेशी पुण्यात मिळतात, काजव्याची चाचणी आता नेहमीची झाली आहे. त्यांच्यापैकी कुणीतरी मोहाचा रेणू हाती घ्यावा आणि तो कोणता मानवी ग्राही ओळखतो, ते शोधून काढावं. आणि त्यांच्या शिक्षकांनी त्यांना त्यासाठी प्रयोगशाळेत हवा तेवढा वेळ द्यावा.